आधी पाणी, मग नाव

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघालेल्या बहुतेकांना महाड हे वाटेतले गाव वाटते. माणगाव मागे पडते, लोणेरे येते, दासगावजवळ सावित्रीची खाडी दिसते, डोंगराच्या अंगावर गांधारपालेची बौद्ध लेणी दिसतात आणि गाडी महाडला पोहोचते. कोणी इथून रायगडाकडे वळतो, कोणी पोलादपूरहून महाबळेश्वर गाठतो, तर चाकरमानी कशेडी ओलांडून खेड-चिपळूणकडे निघून जातो. महाडात थांबणारे थोडे. पण मुलाबाळांना घेऊन एक दिवस मुद्दाम थांबावे असे हे गाव आहे, आणि मुसलमान घरांनी तर नक्कीच थांबावे. आपल्या एका वडीलधाऱ्याचे नाव या गावाच्या इतिहासात आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ते माहीत आहे.

महाड सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या संगमावर वसले आहे. जुन्या काळी खाडीतून गलबते इथवर येत आणि घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून इथे उतरत असे. अशा बाजारपेठेला परका माणूस नवा नसतो. वेगळी बोली, वेगळा पोशाख आणि वेगळा देव मानणारी माणसे इथल्या रस्त्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या फिरली आहेत. बाहेरून येणाऱ्यांची इतकी सवय असलेल्या याच गावात आपल्याच तालुक्यातल्या माणसांना पाण्याची एक ओंजळ मिळवायला लढावे लागले.

तळ्याच्या काठावर

एसटी स्टँडवरून रिक्षाने चवदार तळ्यावर जाता येते. चारी बाजूंनी रस्ते, त्यांच्या पलीकडे घरे, मधोमध पाणी आणि बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा. एखाद्या दुपारी इथे शांतता असते. काठावरची झाडे, पायऱ्यांवर बसलेली दोन-चार माणसे, पाण्यात डोकावणारी शाळकरी मुले. इथे काय घडले ते माहीत नसेल तर दहा मिनिटांत पाहून होते.

त्या काळी हे तळे गावाचे पाणी होते. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सरकारी पैशाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, धर्मशाळा, शाळा यांसारखी ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस यांनी पुढाकार घेतला आणि 5 जानेवारी 1924 रोजी पालिकेनेही तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार झाला, पण तळ्यावर घागर घेऊन जाण्याची सोय काही झाली नाही.

आता आपल्याशी संबंध असलेली गोष्ट. सवर्ण हिंदू या तळ्यावर पाणी भरत, आणि मुसलमानांनाही ते बंद नव्हते. गुराढोरांनी तोंड लावले तरी कोणाची हरकत नसे. बंदी होती ती फक्त अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्यांना. म्हणजे आपल्या पणजोबा-पणजींच्या घागरी ज्या पाण्यात बुडत होत्या, त्याच काठावरून त्यांच्या ओळखीचे शेजारी कोरडे परत जात होते. तळ्याच्या पायरीवर उभे राहिल्यावर आपण हे आधी मनात आणावे. अन्याय आपण केला नाही एवढ्यावर समाधान मानायचे, की अन्याय चालू असताना आपली घागर भरत होती हेही आठवायचे?

19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी फार खटपट केली होती. हुशार विद्यार्थी असूनही या मोऱ्यांना महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळवण्यासाठी झगडावे लागले होते, आणि प्रवेश मिळाल्यावरही इतर मुलांपासून वेगळे बसावे लागले होते. शाळेचे दार उघडले होते, पण बाकावर जागा मिळाली नव्हती.

परिषदेला कोकणातून आणि मुंबईहून अडीच हजारांच्या आसपास माणसे आली. मार्चचे ऊन, चालून आलेली माणसे, आणि गावात त्यांना पाणी नाही. परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. 1927 सालचे चाळीस रुपये! गावात तळे भरलेले आणि पाहुणे पैसे मोजून पाणी पितात, हे चित्र मुलांना जरूर सांगावे. हजरत उस्मान (रजि.) यांनी विकत घेतलेल्या रूमाच्या विहिरीची गोष्ट त्यांनी मदरशात ऐकलेली असते. त्या विहिरीचा मालक पाणी विकत असे आणि मदीनेतल्या गरिबांचे हाल होत. हजरत उस्मान (रजि.) यांनी मोठी किंमत देऊन विहीर घेतली आणि वक्फ केली. त्यानंतर विकत घेणाऱ्याचाही तिच्यावर इतरांइतकाच हक्क राहिला. पाण्याची मालकी कशी सोडायची असते, याचा धडा आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे.

20 मार्चला परिषद संपल्यावर बाबासाहेबांच्या मागे लोक शांतपणे रांगेने तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी पाणी घेतले आणि त्यांच्यामागून बाकीच्यांनी. ओंजळ भरली, पाणी प्याले, परतले. एवढेच. थोड्या वेळाने गावात अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. काठ्या घेऊन जमाव निघाला. परतीच्या वाटेवरच्या आणि मांडवात जेवत असलेल्या माणसांना मारहाण झाली, अन्न मातीत गेले, बायका-मुलेही सुटली नाहीत. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना प्रतिहल्ला करू दिला नाही. जीव वाचवायला माणसे वाट फुटेल तिकडे धावली, आणि त्यांतल्या अनेकांना मुसलमानांच्या घरांनी आत घेतले.

हे वाचताना आपली छाती फुगते, ते स्वाभाविक आहे. पण त्या घरांत घडले असेल ते जरा घरातल्या माणसाच्या नजरेने पाहू. बाहेर काठ्या घेतलेली माणसे, आणि ती कोणी दूरची नाहीत. उद्या सकाळी त्यांच्याच दुकानातून मीठ-मिरची आणायची आहे. दारात धापा टाकणारा, रक्ताळलेला, अनोळखी माणूस. अशा वेळी कोणाला 'तुम्ही कोणाच्यातले?' असे विचारायला सवड नसते. दार उघडायचे की कडी लावायची, एवढेच ठरवायचे असते. ज्या घरांनी दार उघडले त्यांनी आपल्या शेजारसंबंधांची किंमत मोजायची तयारी ठेवूनच ते उघडले.

मांडवाची जागा

महाडच्या मार्चची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. डिसेंबरची गोष्ट कमी सांगितली जाते.

मार्चनंतर पंचगव्याच्या 108 घागरींनी तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. मग बाबासाहेबांनी डिसेंबरात सत्याग्रह जाहीर केला. त्याच काळात ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण त्यांची एक अट होती : सत्याग्रहात एकही ब्राह्मण नको. बाबासाहेबांनी ती मानली नाही. त्यांचे म्हणणे होते, की विरोध उच्चनीचतेच्या वृत्तीला आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दाराबाहेर ठेवले गेले, त्यांनी स्वतःच्या मांडवाला दार लावायला नकार दिला. पुढे याच परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मणच होते.

पण मांडव घालायचा कुठे? महाडात एकही हिंदू जमीनमालक जागा द्यायला तयार झाला नाही. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. गावातले व्यापारी माल देईनात, म्हणून धान्य, किराणा, सगळे बाहेरून आणावे लागले. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, कारण वाटेत मोटारवाले बसू देतील याची खात्री नव्हती. 25 डिसेंबरच्या दुपारी ते दासगावच्या बंदराला उतरले आणि तिथून सुमारे पाच मैल चालत महाडला आले. आज कोकण रेल्वेने वीर स्टेशनला उतरणारा प्रवासी दासगावच्या जवळच उतरतो. शक्य असेल तर या वाटेचा थोडा भाग मुलांसोबत पायी चालावा. हजारो माणसे ज्या गावाकडे निघाली होती, तिथे त्यांना पाय टेकायला एकाच माणसाने जमीन दिली होती, हे चालताना जास्त कळते.

फत्तेखानांच्या या जागेवर काय झाले? पाहुणे त्यांच्या धर्माचे नव्हते. ज्या ग्रंथाचे दहन तिथे झाले तो त्यांच्या धर्माचा नव्हता, आणि ज्या तळ्यासाठी भांडण चालले होते ते त्यांच्या समाजाला बंद नव्हते. म्हणजे या सगळ्यात मुसलमान जमीनमालकाला मिळवण्यासारखे काही नव्हते. गमावण्यासारखे मात्र होते, कारण सगळे गाव एका बाजूला होते. त्या मांडवात उभे राहण्यासाठी कोणाला कलमा वाचावा लागला नाही. माणसांना जागा हवी होती, आणि जागा मिळाली.

सीरतच्या ग्रंथांत नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाची हकिकत येते. ते मदीनेला आले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मस्जिद-ए-नबवीत जागा दिली. त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा त्यांना तिथेच, त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू दिली. श्रद्धेवर दोन्ही बाजूंचे मतभेद होते, त्यांवर स्पष्ट चर्चाही झाली. पण पाहुण्यांची जागा त्या चर्चेच्या निकालावर अवलंबून नव्हती. आपली श्रद्धा पक्की असेल तर दुसऱ्याला जागा देताना ती डळमळत नाही, हे आपल्या मुलांना यातून समजते.

25 डिसेंबरच्या संध्याकाळी मनुस्मृतीचे दहन झाले. त्याची आठवण म्हणून महाडात क्रांतिस्तंभ उभा आहे. तळ्याचा प्रश्न कोर्टात गेलेला असल्यामुळे प्रत्यक्ष सत्याग्रह तहकूब करण्यात आला, आणि खटला वर्षानुवर्षे चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. सवर्णांना सिद्ध करता आली नाही अशी जी प्राचीन वहिवाट सांगितली जात होती, तिच्यावर तळे बंद ठेवता येणार नाही. पहिली ओंजळ उचलली त्या दिवसापासून मोजले तर दहा वर्षांना तीन दिवस कमी.

दौलताबादचा आरसा

इथेच लेख संपवला असता तर वाचून सगळ्यांना बरे वाटले असते. पण महाडच्या प्रवासाला निघालेल्या मुसलमान कुटुंबाने आणखी एका तळ्याची गोष्ट सोबत ठेवायला हवी. ते तळे महाडात नाही, दौलताबादच्या किल्ल्यावर आहे.

1934 साली बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांबरोबर वेरूळकडे जाताना दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. प्रवासाने सगळे धुळीने माखले होते. दरवाजाजवळच्या लहानशा हौदात पाणी होते. त्यांनी हातपाय धुतले आणि आत निघाले. एवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, की या लोकांनी पाणी बाटवले. बघता बघता गर्दी जमली, शिवीगाळ सुरू झाली. महिना रमजानचा होता. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, की तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या यांतला कोणी मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्यापासून अडवाल का? गर्दी गप्प झाली. अखेर किल्ला पाहू देण्यात आला, पण आत कुठे पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि त्यावर नजर ठेवायला बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवला.

महाड आणि दौलताबाद यांच्यामध्ये फक्त सात वर्षांचे अंतर आहे. दोन्हीकडे तेच पाणी, तीच तहान, आणि दोन्हीकडे मुसलमान. एकीकडे फत्तेखानांनी जमीन दिली, दुसरीकडे रोजा धरलेल्या माणसांनी ओंजळभर पाण्यावरून आरडाओरडा केला. कुरआन दोघांचा एकच होता. तेव्हा आपले नाव मुसलमान आहे एवढ्यावरून आपण आपोआप फत्तेखानांच्या बाजूला जात नाही. ती बाजू दर वेळी, समोर माणूस उभा असताना, निवडावी लागते.

वर, सावित्रीच्या काठाने

महाडहून पोलादपूर अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि डोंगर उतरून आधी पोलादपूरला येते, मग महाडला. म्हणजे महाडकर जे पाणी पाहतात ते पोलादपूरच्या वाड्या-वस्त्यांनी आधी पाहिलेले असते. पोलादपूरला रस्ते फुटतात : एक आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढतो, दुसरा कशेडीकडे. 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी या गावात आहे, आणि तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यात. तालुका डोंगराळ, जमीन थोडी आणि पाऊस प्रचंड. त्यामुळे इथल्या कित्येक घरांतला कर्ता पुरुष मुंबईत. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या, तिथे गावातून नवीन आलेल्या पोराला चटई टाकायला जागा मिळे. कोकणी मुसलमानांनाही हे नवे नाही. आपली माणसे जहाजांवर गेली, आफ्रिकेत गेली, पुढे आखातात गेली. केप टाउनमधली कोकणी मुसलमानांची वस्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. कुठल्या तरी अनोळखी गावात कोणीतरी आपल्या आजोबांना पहिल्या रात्री जागा दिली, म्हणून आज आपले घर उभे आहे.

या भागावर गेल्या काही वर्षांत एकामागून एक संकटे आली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी बसही. 24 ऑगस्ट 2020 ला महाडच्या काजळपुऱ्यात एक इमारत कोसळली. तिथे राहणारी बहुतेक कुटुंबे मुसलमान होती. ढिगाऱ्यात रात्रभर हात घालणाऱ्यांत एनडीआरएफचे जवान होते, गावकरी होते. दुसऱ्या दिवशी चार वर्षांचा एक मुलगा जिवंत बाहेर निघाला तेव्हा जमलेल्या गर्दीने एकच जल्लोष केला. त्या गर्दीत कोण कोणाच्यातला, हे कोणी मोजले नाही. पुढल्याच वर्षी, 22 जुलै 2021 रोजी, महाड शहर पुरात बुडाले. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर दरडी आल्या. घाटरस्ते खचले. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला, जेवण पोहोचवायला सगळ्या समाजांतली मुले धावली.

संकटात माणूस माणसाला ओळखतो, याची साक्ष महाड-पोलादपूरने वारंवार दिली आहे. अडचण येते ती चिखल धुऊन झाल्यावर. पुराच्या रात्री ज्याला माळ्यावर घेतले, त्याला एरवी पडवीत बसवताना आपण विचार करतो. महापुराला परीक्षक मानले तर आपण सगळेच पास. पण फत्तेखानांनी जागा दिली तेव्हा महापूर आलेला नव्हता. बाजार चालू होता, दुकाने उघडी होती, आणि कोणाला जागा द्यायची याचा शांतपणे विचार करायला वेळ होता. तसा वेळ असताना दिलेली जागा जास्त मोलाची.

आजचे पाहुणे

आज महाडात पाहुणे कोण आहेत? एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडची मुले कामाला आहेत. एका खोलीत चार-पाच जण राहतात. कोणी शिवभक्त, कोणी नमाजी, कोणी कशातच नसलेला. त्यांची बोली आपल्याला कळत नाही, आपली त्यांना कळत नाही. अशांच्या जोरावर गावातल्या खोल्या भाड्याने जातात, किराणा चालतो, सलून चालते. पण घरमालकांचे प्रश्न ऐकावेत : जात कोणती? खाता काय? नाव काय म्हणालात?

हे प्रश्न आपल्याला चांगले ओळखीचे आहेत. मुंबई-पुण्यात घर शोधणाऱ्या मुसलमान मुलाला फोनवर नाव सांगेपर्यंत घर रिकामे असते. नाव सांगितल्यावर ते आधीच गेलेले निघते. त्या फोननंतर घरात जी शांतता पसरते ती आपल्याला माहीत आहे. म्हणून आपल्या मालकीची खोली रिकामी झाली की आपण काय विचारतो, याचा हिशेब आपल्याला स्वतःलाच द्यायचा आहे. भाडे वेळेवर मिळेल का, खोली नीट ठेवाल का, हे विचारावे. तो घरमालकाचा हक्क आहे. त्याच्या पुढचा प्रश्न ओठांवर आला की महाडचे तळे आठवावे.

आणि परका फक्त परप्रांतातूनच येतो असे नाही. दुसऱ्या बिरादरीतून आलेली सून महिनोन्‌महिने आपल्याच स्वयंपाकघरात परकी राहते. नव्याने कलमा वाचलेल्या माणसाला जमातीत मागची सफ मिळते आणि लग्नाच्या वेळी त्याचे जुने आडनाव निघते. वेगळ्या मसलकाचा इमाम, नमाजला न येणारा शेजारी, तलाक होऊन माहेरी परतलेली बहीण, समज कमी असलेला मुलगा... या सगळ्यांना आपण आत घेतो, पण मोऱ्यांच्या शाळेसारखे. दार उघडे, बाक वेगळा. स्वागताआधी निवाडा करायची ही सवय आपण जपतो आणि तिला काळजी म्हणतो, संस्कार म्हणतो.

निवाडा न करता स्वागत म्हणजे सगळे काही बरोबर मानणे नाही. आपल्या घराची रीत आपण पाळावी, चुकीला चूक म्हणावे, श्रद्धेवर बोलायचे तर मोकळेपणाने बोलावे. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. हजरत इब्राहीम (अ.) यांच्याकडे अनोळखी पाहुणे आले, ती हकिकत कुरआनमध्ये आहे. पाहुणे ओळखीचे नाहीत हे त्यांच्या लक्षात आले होते. तरी ते आधी घरात गेले आणि भाजलेले वासरू घेऊन आले. पाहुणे कोण आणि कशासाठी आले हे नंतर कळले. ते फरिश्ते निघाले ही वेगळी गोष्ट, जेवण आणताना इब्राहीम (अ.) यांना ते ठाऊक नव्हते. आपण क्रम उलटा करतो. आधी चौकशी, आणि चौकशीत पास झाला तर पाणी.

जाताना

महाडला जायचे तर पावसाळा संपल्यावर जावे. सकाळी गांधारपालेची लेणी, मग चवदार तळे आणि क्रांतिस्तंभ, दुपारनंतर पोलादपूर. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी रायगड. मुलांना तळ्याच्या पायरीवर बसवून सगळी गोष्ट सांगावी : चाळीस रुपयांच्या पाण्याची, दार उघडणाऱ्या घरांची, फत्तेखानांची आणि दौलताबादच्या हौदाचीही. फक्त पहिल्या तीन सांगितल्या तर गोष्ट अर्धी राहते.

20 मार्च आणि 25 डिसेंबरला महाडात देशभरातून माणसे येतात, रस्ते फुलून जातात. 20 मार्च 2027 ला त्या ओंजळीची शंभर वर्षे भरतात. मार्चचे ऊन आजही तसेच आहे आणि लांबून आलेल्या माणसाची तहानही. ज्यांची घरे त्या रस्त्यांवर आहेत त्यांनी त्या दिवशी सबील लावावी. ज्यांची नाहीत त्यांनी आपापल्या गावात उन्हाळ्याचे चार महिने दाराबाहेर माठ ठेवावा, रोज सकाळी तो घासून भरावा, वर झाकण आणि प्याला ठेवावा. भरण्याचे काम मुलांकडे द्यावे. पिणाऱ्याला नाव विचारायचे नाही, एवढे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.